सलोखा आणि शेजाऱ्याची सही

९ ऑगस्ट हा दिवस आपल्या चळवळीच्या मनात क्रांतिदिन म्हणून कोरलेला आहे. १९९४ साली संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेने हीच तारीख जगातील मूळनिवासी लोकांचा दिवस म्हणून पाळण्याचे ठरविले. १९८२ साली या प्रश्नावरील कार्यगटाची पहिली बैठक याच तारखेस जिनिव्हात भरली होती, एवढेच त्याचे कारण. 'चले जाव'शी त्याचा काही संबंध नाही. तरीही हा योगायोग मला सूचक वाटतो. गेल्या काही वर्षांत महाराष्ट्रातील तालुक्यातालुक्यांत हा दिवस आदिवासी दिन म्हणून साजरा होऊ लागला आहे. ढोल वाजतात, तीरकमान घेऊन मिरवणुका निघतात, कालपर्यंत शाळेच्या हजेरीपटावर आपली जमात सांगताना मान खाली घालणारी मुले त्या दिवशी ताठ मानेने चालतात. हा लाभ थोडा नव्हे आणि त्याची टवाळी करणाऱ्यांपैकी मी नाही.

पण याच दिवशी व्यासपीठावर जे घडते ते पाहून मन विषण्ण होते. सर्व पक्षांचे पुढारी डोक्यावर मोरपिसे खोवून घेतात, धनुष्याची दोरी ओढल्याचे छायाचित्र काढून घेतात, आदिवासी हे या भूमीचे खरे मालक आहेत असे सांगतात आणि मोटारीत बसून निघून जातात. दुसऱ्या दिवशी तोच 'खरा मालक' आपल्या दोन एकरांच्या दाव्याचे काय झाले हे विचारण्यासाठी प्रांत कचेरीच्या पायरीवर बसलेला असतो. अशा समारंभांना हल्ली 'सामाजिक सलोखा' म्हणण्याची पद्धत पडली आहे. माझा आक्षेप त्या शब्दाच्या स्वस्त वापराला आहे. सलोखा ही दोन पक्षांमधील गोष्ट असते, आणि ज्या दोन पक्षांपैकी एकाने दुसऱ्याचे काही घेतलेले आहे त्यांच्यात सलोखा व्हायचा तर घेणाऱ्याने काय सोडले, हा प्रश्न अपरिहार्य ठरतो. आयुष्यभर अर्थशास्त्र शिकविल्यामुळे किंमत विचारण्याची ही खोड मला लागली असेल; परंतु या बाबतीत ती खोड उपयोगी आहे असे मला वाटते.

आमच्या जिल्ह्यापुरते पाहू. कन्नडहून चाळीसगावकडे उतरणाऱ्या घाटाला औट्रम घाट म्हणतात. १९८६ साली त्या परिसरात जे अभयारण्य जाहीर झाले त्याच्या अधिकृत नावातही गौताळ्याच्या जोडीला हा औट्रम आहे. तो कोण, हे घाटातून रोज जाणाऱ्या शंभर माणसांपैकी दोघांनाही सांगता येणार नाही. जेम्स औट्रम हा ईस्ट इंडिया कंपनीचा लष्करी अधिकारी. १८१८ साली खानदेश इंग्रजांच्या ताब्यात गेल्यानंतर सातपुडा आणि सातमाळ्याच्या डोंगरांतील भिल्लांनी कंपनीला सात वर्षे स्वस्थता लाभू दिली नाही. घाटवाटांची राखण करावी आणि त्याबद्दल गावांकडून व वाटसरूंकडून आपला हक्क घ्यावा, हा त्यांचा जुना व्यवहार लढाया, दुष्काळ आणि नव्या राज्याची घडी यांत बुडाला होता. फौजा पाठवून आणि नाईकांना पकडून काही साधेना, तेव्हा एल्फिन्स्टनच्या कारकिर्दीत १८२५ साली सरकारने धोरण बदलले. तीन भिल्ल एजन्सी स्थापन झाल्या. त्यांपैकी एक कन्नडला होती. शरण येणाऱ्यांना माफी, कसायला पडीक जमीन, बैल-बियाण्यासाठी तगाई आणि तरुणांना पलटणीत नोकरी, असा तो कार्यक्रम होता. औट्रमने उभी केलेली खानदेश भिल्ल पलटण ती हीच.

इंग्रजी दफ्तरात याची नोंद सलोख्याचे धोरण म्हणूनच झालेली आहे. तोफेपेक्षा तगाई बरी, हे मान्य करावेच लागेल. पण त्या सलोख्याच्या अटी एकाच बाजूने लिहिल्या होत्या. डोंगरावरचा आणि घाटावरचा भिल्लांचा हक्क आम्ही बुडविला, असे त्यात कोठेही कबूल केलेले नव्हते. त्यांची 'गुन्हेगारी' तेवढी माफ करण्यात आली होती. असा सलोखा किती टिकतो? १८५७-५८ साली सातपुड्यात कजारसिंग नाईक आणि नगर-नाशिकच्या बाजूला भागोजी नाईक उठले. हे दोघेही त्याआधी कंपनीच्याच नोकरीत होते. एक सेंधव्याच्या घाटाच्या राखणीवर, दुसरा नगरच्या पोलिसांत. आज घाटाला आणि अरण्याला औट्रमचे नाव आहे. भिल्लांचे नाव तेथे कशाला आहे, असे विचाराल तर अतिक्रमणाच्या नोंदवहीला.

हे वाक्य मी टाळ्यांसाठी लिहिलेले नाही. तलाठ्याच्या दफ्तरात गाव नमुना एक-ई नावाची एक वही असते. सरकारी जमिनीवर कोणी अतिक्रमण केले आहे याची नोंद तिच्यात होते आणि त्याबद्दल दंड आकारला जातो. मराठवाड्यातील गायरानांवर घाम गाळणारे भिल्ल, पारधी, दलित ही दंडाची पावती देवाच्या फोटोमागे जपून ठेवतात. कारण उद्या कधी कसणाऱ्याच्या नावे जमीन करण्याचा हुकूम निघालाच, तर आपण येथे होतो हे दाखविणारा कागद त्यांच्याजवळ तेवढाच असतो. गुन्ह्याची पावती हाच हक्काचा पुरावा! २८ नोव्हेंबर १९९१ च्या शासननिर्णयाने १४ एप्रिल १९९० पूर्वीची अशी अतिक्रमणे नियमित करण्याचे ठरले, तेव्हा या पावत्यांना मोल आले. ज्यांनी नोंद टाळण्यासाठी तलाठ्याची मनधरणी केली होती ते पस्तावले आणि ज्यांना दरवर्षी दंड झाला होता ते सुटले. पुढे २०११ साली सर्वोच्च न्यायालयाचा सार्वजनिक जमिनींवरील अतिक्रमणे हटविण्यासंबंधीचा निकाल आला आणि गायरानावरच्या माणसाच्या पायाखालची जमीन पुन्हा हलू लागली. न्यायालयाचा रोख गावच्या सामाईक जमिनी गिळणाऱ्या धनदांडग्यांवर होता. आपल्याकडे त्याचा बडगा प्रथम कोणावर पडतो हे वाचकांना सांगावयास नको.

आता प्रश्न असा की, घेणाऱ्याने काही सोडले, आणि ते शेजाऱ्याशेजाऱ्यांत घडले, असे उदाहरण महाराष्ट्रात आहे काय? आहे, आणि ते आपल्या चळवळीच्या आठवणीतले आहे.

त्या काळी धुळे जिल्ह्यात असलेल्या आणि आता नंदुरबार जिल्ह्यात मोडणाऱ्या शहाद्यात भिल्लांच्या जमिनी दोन-तीन पिढ्यांत सधन शेतकऱ्यांकडे गेल्या होत्या. कर्जाचा आकडा, अंगठा, नंतर खरेदीखत, आणि शेवटी जमिनीचा जुना मालक त्याच शेतावर सालदार. मे १९७१ मध्ये पाटीलवाडीला गोळीबार झाला. दुष्काळात धान्य मागायला निघालेल्या आदिवासींवर तो झाला होता. या घटनेने महाराष्ट्र हादरला. अंबरसिंग महाराज हे भिल्ल समाजातून आलेले कार्यकर्ते आणि त्यांच्या जोडीला सर्वोदयाची मंडळी यांनी ३० जानेवारी १९७२ रोजी शहाद्याला भूमुक्ती मेळावा घेतला. पुण्या-मुंबईहून तरुण आले. त्यांतले काही तेथेच राहिले आणि त्यातून श्रमिक संघटना उभी राहिली. आरंभीचे काम अगदी नीरस होते. कोणाची किती जमीन कोणत्या साली कोणाकडे गेली, हे तलाठ्याच्या दफ्तरातून शोधायचे, उतरून काढायचे आणि गावात बसून वाचून दाखवायचे. माणसे ऐकत. बापाचे नाव ऐकले की कोणी उठून उभा राही. त्या कागदाच्या बळावर काही जमिनी वाटाघाटीने परत मिळाल्या. जेथे वाटाघाट जमेना तेथे लढे झाले. सर्वच जमीनमालकांना सद्बुद्धी झाली असे मुळीच नव्हे. त्यांच्यातील काहींनी स्वसंरक्षणाच्या नावाखाली पुरुषोत्तम सेना काढण्याचाही घाट घातला होता. पण गावच्या चावडीवर, सर्वांदेखत, 'ही जमीन याची होती' हे एकदा उच्चारले गेले की मग काही घरांत बापलेकांत, भावाभावांत प्रश्न उभे राहतातच. सलोख्याची सुरुवात मी तेथे मानतो. समारंभात ती होत नाही.

शहाद्याच्या रेट्याने आणि त्या काळच्या एकूण वातावरणाने कायदा हलला. ६ जुलै १९७४ पासून आदिवासीची जमीन बिगर-आदिवासीकडे जाण्यावर कडक बंधन आले. १ नोव्हेंबर १९७५ पासून अमलात आलेल्या दुसऱ्या कायद्याने १ एप्रिल १९५७ ते ६ जुलै १९७४ या काळात कायदेशीर व्यवहारानेसुद्धा गेलेली जमीन परत देण्याची तरतूद केली. खरेदीखत खरे, शिक्का खरा, तरीही जमीन परत. कारण विकणारा आणि घेणारा समान पातळीवर नव्हते. संपत्तीच्या हक्काचा एवढा धीट पुनर्विचार आपल्या देशातील फार थोड्या कायद्यांनी केला असेल. त्याविरुद्धचे दावे सर्वोच्च न्यायालयात गेले आणि डिसेंबर १९८४ मध्ये न्यायालयाने कायदा उचलून धरला. मात्र याच कायद्यात एक गंमत आहे, आणि ती आमच्या लोकशाहीच्या मनाचा ठाव दाखविणारी आहे. जमीन परत घेताना आदिवासीने आकाराच्या अठ्ठेचाळीस पट किंवा मूळ किंमत, यांतील कमी असेल ती रक्कम, शिवाय केलेल्या सुधारणांचे मूल्य, इतके पैसे जमीनधारकास द्यावयाचे असतात. म्हणजे फसविला गेला त्याने हप्ते भरायचे! आकार मुळातच नाममात्र असल्याने रक्कम डोळे पांढरे करणारी नाही, हे खरे. तरीपण ज्याच्या घरी उद्याच्या भाकरीचे पीठ नाही त्याला पाचशे रुपयेही न्यायाच्या दारातली उंच पायरी ठरतात.

या विषयात परदेशाकडे पाहणे उद्बोधक आहे. ऑस्ट्रेलियात १९९२ च्या माबो खटल्याने ती भूमी गोरे आले तेव्हा निर्जन होती ही कायदेशीर थाप मोडून काढली. २८ मे २००० रोजी सिडनीच्या बंदरावरील पुलावरून सुमारे अडीच लाख लोक सलोख्यासाठी चालले. गावोगावी तसे स्थानिक गट निघाले होते. लोकांनी क्षमेच्या वह्यांत सह्या केल्या होत्या. फेब्रुवारी २००८ मध्ये पंतप्रधान केव्हिन रड यांनी, मुले आईबापांपासून तोडून नेल्याबद्दल, संसदेत माफी मागितली. त्याच वर्षी जूनमध्ये कॅनडाच्या पंतप्रधानांनीही निवासी शाळांबद्दल मागितली. या सर्व गोष्टी मोठ्या मनाच्या आहेत. परंतु १४ ऑक्टोबर २०२३ रोजी ऑस्ट्रेलियात मूळनिवासींच्या प्रतिनिधींचे एक सल्लागार मंडळ, केवळ सल्लागार, राज्यघटनेत असावे की नाही यावर सार्वमत झाले आणि साठ टक्के मतदारांनी 'नको' म्हटले. विरोध करणाऱ्यांत काही मूळनिवासी नेतेही होते, त्यांची कारणे निराळी होती, हे नोंदविले पाहिजे. तरीही पुलावर चालणारे आणि मतपेटीजवळचे लोक एकाच देशाचे होते. चालण्याला खर्च येत नाही.

आपला देश याबाबत कोठे आहे? २००७ साली मूळनिवासींच्या हक्कांच्या जाहीरनाम्यावर संयुक्त राष्ट्रांत मतदान झाले तेव्हा ऑस्ट्रेलिया, कॅनडा, न्यूझीलंड आणि अमेरिका या चौघांनी विरोधात मत दिले होते. पुढे त्यांनी भूमिका बदलली. भारताने बाजूने मत दिले, मात्र आमच्याकडे सगळेच मूळनिवासी आहेत, अशी सोयीची पुस्तीही जोडली. माफी कोणी मागितली नाही. परंतु डिसेंबर २००६ मध्ये संसदेने जो वनहक्क कायदा केला त्याच्या उद्देशिकेत वसाहतकाळात आणि स्वतंत्र भारतातही वननिवासींचे पिढीजात हक्क मान्य न झाल्याने त्यांच्यावर ऐतिहासिक अन्याय झाला, अशी स्पष्ट कबुली आहे. 'स्वतंत्र भारतातही' हे शब्द पाहावेत. राज्यकर्त्या वर्गाने स्वतःविरुद्ध दिलेली एवढी सरळ साक्ष मला दुसऱ्या कायद्यात आढळलेली नाही. औट्रमच्या सलोख्यात जे नव्हते ते येथे आहे.

आता मी माझ्या मुख्य मुद्द्यापाशी येतो. या कायद्याचे यश दिल्ली-मुंबईवर जितके अवलंबून आहे तितकेच ते शेजाऱ्यावर अवलंबून आहे, आणि ही गोष्ट आपल्या कार्यकर्त्यांच्या ध्यानात पुरेशी आलेली नाही.

गडचिरोली, नंदुरबार येथील स्थिती वेगळी आहे. तेथे गावेच्या गावे आदिवासींची आहेत. मेंढा-लेखा या गोंडांच्या गावाने १५ ऑगस्ट २००९ रोजी सुमारे अठराशे हेक्टर जंगलाचा सामूहिक हक्क मिळविला. वनस्पतिशास्त्राने गवत ठरविलेल्या बांबूला १९२७ चा कायदा झाड म्हणत असल्यामुळे वनखाते अडून बसले होते. २७ एप्रिल २०११ रोजी केंद्रीय मंत्री जयराम रमेश यांनी वाहतूक परवान्याचे पुस्तक ग्रामसभेच्या हाती दिले तेव्हा ती कोंडी फुटली. देवाजी तोफा यांच्यासारखे गावचे नेतृत्व आणि २०२५ साली आपल्यातून गेलेले मोहन हिराबाई हिरालाल यांच्यासारखे बाहेरून आलेले मित्र यांनी तेथे पुढारीपणाऐवजी अभ्यासगट काढले. गावाने सर्वसहमतीने निर्णय घ्यायचे आणि बाहेरच्याने सोबत बसून शिकायचे, अशी ती रीत होती. मेंढ्याचे कौतुक पुष्कळ झाले आहे. मी अधिक लिहीत नाही.

पण कन्नड, सोयगाव, सिल्लोडची गोष्ट निराळी आहे. आमच्या जिल्ह्यात आदिवासींची संख्या २०११ च्या जनगणनेनुसार एकूण लोकसंख्येच्या चार टक्क्यांच्या आसपास. राष्ट्रपतींच्या १९८५ च्या आदेशाने ठरलेल्या अनुसूचित क्षेत्रात मराठवाड्यातील फक्त नांदेडचा भाग आहे. त्यामुळे १९९६ च्या पेसा कायद्याचे छत्र येथील भिल्लाला नाही. वनहक्क कायदा मात्र सर्वत्र लागू आहे. येथे भिल्लांची वीस-पंचवीस घरे गावकुसापासून दूर, आणि ग्रामसभेत बहुसंख्या मराठा, माळी, बंजारा, मुसलमान, दलित अशा इतरांची. कायद्याच्या नियमांप्रमाणे दावा प्रथम ग्रामसभेपुढे येतो. २०१२ च्या दुरुस्तीनुसार त्या सभेला निम्म्या सभासदांची हजेरी लागते, हजर असणाऱ्यांत एक-तृतीयांश स्त्रिया लागतात आणि दावेदारांपैकी निम्मे लागतात. दावेदार येतील; त्यांच्या पोटाचा प्रश्न आहे. पण त्यांची सर्व माणसे आली तरी गणपूर्ती होत नाही. उरलेला गाव घरी बसला, नुसता घरी बसला, की दावा मेला. कोणी विरोध करावा लागत नाही, भांडण होत नाही, वर्तमानपत्रात बातमी येत नाही. आपल्या समाजात अन्याय बहुधा असाच होतो.

दुसरी गोष्ट पुराव्याची. १३ डिसेंबर २००५ पूर्वीपासून जमीन कसतो आहोत हे दाखवायचे असते. कागद नसेल तर दावेदाराखेरीज गावातील अन्य वृद्ध माणसाचा लेखी जबाब नियमांनी पुरावा म्हणून मान्य केला आहे. या तरतुदीचे सामर्थ्य पाहा. ऐंशी वर्षांच्या एखाद्या पाटलाने किंवा माळ्याने 'या बर्ड्यावर याचा बाप बाजरी पेरीत होता, मी डोळ्यांनी पाहिले आहे' असे सांगून खाली सही केली, तर जी गोष्ट दीडशे वर्षांच्या सरकारी नकाशात नाही ती मिसलीत येते. शेजाऱ्याची एक सही. तिला पैसा लागत नाही. पण किंमत लागते. भावकी विचारते, तुला काय पडले आहे? वनरक्षक नाराज होतो. उद्या आपली गुरे त्या बाजूला चारायला मिळणार नाहीत, अशी भीती असते.

ही भीती खोटी आहे असे म्हणून चालणार नाही. आपल्या काही उत्साही साथींचा असा समज असतो की बिगर-आदिवासी म्हटला की तो सावकारच. सातमाळ्याच्या पायथ्याचा तीन एकरवाला कोरडवाहू शेतकरी सावकार नसतो. शिवाय कायद्यानेच येथे एक फट ठेवली आहे. आदिवासीस २००५ पूर्वीचा ताबा दाखविला की पुरे. पण त्याच बांधावरच्या बिगर-आदिवासी वनवासीस तीन पिढ्यांचे, म्हणजे पंच्याहत्तर वर्षांचे वास्तव्य सिद्ध करावे लागते. ऐतिहासिक अन्यायाच्या दृष्टीने हा फरक समर्थनीय आहे, असे माझे मत आहे; परंतु बांधावर उभ्या असलेल्या माणसाला तो तसा दिसत नाही. म्हणून मिश्र वस्तीच्या गावांत वैयक्तिक दाव्यांच्या बरोबरीने सामूहिक दावा नेटाने पुढे नेला पाहिजे. चराई, पाणी, सरपण, मोह, सीताफळ यांवरचा हक्क साऱ्या ग्रामसभेचा असतो. त्यात शेजाऱ्याची गुरेही येतात. अमरावती जिल्ह्यातील पायविहीर गावाला २०१२ साली असा हक्क मिळाला, आणि उजाड टेकडी राखून गावाने सीताफळाचे उत्पन्न उभे केले. ज्या कागदावर दोघांचे हित एकत्र लिहिले आहे त्यावर सही करणे सोपे जाते, एवढा साधा व्यवहार यात आहे.

अर्थात सर्वच गोष्टी हिताच्या हिशोबाने सुटतात असे मानणारा अर्थशास्त्रज्ञ या शहरात राहून शहाणा झाला नाही असे म्हणावे लागेल. २७ जुलै १९७८ रोजी विधिमंडळाने मराठवाडा विद्यापीठाला डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचे नाव देण्याचा ठराव केला. त्यात कोणाची एक गुंठा जमीन जाणार नव्हती. तरी गावेच्या गावे पेटली, दलितांची घरे जळाली. नामविस्ताराला १४ जानेवारी १९९४ उजाडावा लागला. मध्ये सोळा वर्षे आणि अनेक जीव गेले. जे सोडायचे होते ते होते वर्चस्व, आणि ते जमिनीपेक्षाही चिवट निघाले. आज त्या प्रवेशद्वारातून सर्व जातींची मुले काहीएक न वाटता आतबाहेर करतात, हे मी पुष्कळ वर्षे पाहिले आहे आणि त्याचे समाधान मोठे आहे. मात्र त्या वेळी खेड्यांत जो द्वेष उफाळला त्याच्या मुळाशी नावाइतकेच गायरान होते, गावकीची कामे नाकारणे होते. नावाचा प्रश्न मिटला; गायरानाचा तसाच आहे. आपल्या शहराचेही नाव २०२३ साली बदलले. नावे बदलण्यात आपण आता चांगलेच तरबेज झालो आहोत.

पारध्यांचा उल्लेख केल्याविना हा विषय पुरा होत नाही. १८७१ च्या कायद्याने जमातीच्या जमाती जन्मतः गुन्हेगार ठरविल्या गेल्या; ३१ ऑगस्ट १९५२ रोजी तो शिक्का कायद्याने पुसला गेला. गावाच्या मनातून पुसला गेला नाही. चोरी झाली की पाल उठवायचे, ही मराठवाड्यातील रीत अजून पुरती गेलेली नाही. आणि गंमत अशी की, जमातीचा दाखला हवा तर घराणे १९५० पूर्वीपासून राज्यात राहत असल्याचा पुरावा मागतात. ज्याला कोठे तीन रात्रींहून अधिक टिकू दिले नाही त्याने सत्तर-पंच्याहत्तर वर्षांपूर्वीचा पत्ता सांगायचा! येथेही अडलेली गोष्ट शेजाऱ्याच्या शब्दापाशीच येते: ग्रामपंचायतीचा रहिवासी दाखला, सरपंचाची सही, शाळेच्या दाखलखारिज वहीत नाव घालून घेणारा शिक्षक. बीड जिल्ह्यात एकनाथ आवाड यांनी मानवी हक्क अभियानाच्या द्वारे गायरानाचा प्रश्न दलित आणि पारधी अशा दोघांना एकत्र घेऊन लढविला. २०१५ साली ते गेले. त्यांच्या कामातील हा एकत्रपणा मला फार मोलाचा वाटतो, कारण गायरानावर दोन दुबळ्यांना एकमेकांविरुद्ध उभे करणे हा आपल्या गावपुढाऱ्यांचा जुना डाव आहे.

स्थानिक प्रयत्नांचा गौरव करावा अशी मागणी हल्ली होते, ती मला मान्य आहे. सरकारी पुरस्कार संस्थांना मिळतात, आणि संस्थांना अहवाल लिहिता येतो. ज्या वृद्धाने जबाब दिला, ज्या सरपंचबाईने पावसाळ्यात दारोदार फिरून ग्रामसभेची गणपूर्ती करून घेतली, ज्या शेतकऱ्याने वस्तीवरच्या लोकांना प्रेत नेण्यासाठी आपल्या बांधावरून वाट सोडली आणि ती वाट रीतसर नोंदवून दिली, त्यांचा अहवाल कोणी लिहीत नाही. 'रीतसर नोंदवून दिली' हे शब्द मी मुद्दाम वापरतो. तोंडी दिलेली वाट पुढच्या पिढीत बंद होते. मनाचा मोठेपणा मुलाकडे वारसाहक्काने जाईलच असे नाही. नोंद मात्र जाते.

आपल्या पक्षाच्या तालुका शाखांनी यंदा ९ ऑगस्टला हारतुऱ्यांच्या कार्यक्रमाऐवजी अशा माणसांना बोलवावे. त्यांच्या शेजारी ज्यांच्यासाठी त्यांनी सही केली ते दावेदार बसावेत, आणि दोघांनीही बोलावे; दावेदाराने केवळ आभार मानू नयेत, अजून काय यायचे आहे तेही सांगावे. असे एकही माणूस तालुक्यात सापडले नाही तर तेही व्यासपीठावरून जाहीर करावे. तत्पूर्वी कन्नड, सोयगाव आणि सिल्लोडच्या साथींनी एक काम करावे. आपापल्या गावची वनहक्क समितीची इतिवृत्ताची वही मागून घ्यावी, शेवटची बैठक कोणत्या तारखेस झाली ते पाहावे, आणि त्या दिवशी हजर असलेल्यांत शेजाऱ्यांच्या सह्या किती आहेत ते मोजून यावे.